हात थांबायची जागा

बातमी फोनवरून आली. सांगलीतल्या आमच्या कचेरीत जिल्ह्याच्या पानाची जुळवाजुळव चालू होती, आणि पलीकडे साखर कारखान्याच्या ऑफिसातून बाबालाल मुलाणी बोलत होता. बाबालाल आमच्या गावच्या तमाशाचा ढोलकीवाला. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळे तो ओरडत होता. "हवालदार गेला," तो म्हणाला. कोणता हवालदार, असे मला विचारावे लागले, कारण आमच्या गावात घरटी एक शिपाई आहे आणि निवृत्त हवालदारांना तोटा नाही. "आपला रं. सर्जेराव. उसाला पाणी पाजत व्हता. दम लागला म्हणून बांधावर बसला, त्यो उठलाच न्हाई." मग "ये तू," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी आमच्याच पत्रात चार ओळी आल्या. मजकूर ग्रामपंचायतीकडून आला होता. निवृत्त हवालदार, प्रगतिशील शेतकरी, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी व दोन विवाहित मुली. सोबतचा फोटो पलटणीतला, झुपकेदार मिशीचा. त्यात चुकीचे काही नव्हते. पण ज्या गोष्टीसाठी पंचक्रोशीतली माणसे त्याला ओळखत होती, तिचा उल्लेख नव्हता. सर्जेराव आमच्या गावचा नाच्या होता. पंचवीस-एक वर्षे जत्रेच्या तमाशात त्याने लुगडे नेसून बाईचे काम केले. ते वर्तमानपत्रात लिहिण्यासारखे आहे असे गावातल्या कोणाला वाटले नसावे. म्हणून हा लेख.

आमचे गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. बाजार कराडचा, ऊस इस्लामपूरच्या कारखान्याचा, आणि पोरे पलटणीत. चैत्रात ग्रामदैवताची जत्रा असते. पहिल्या दिवशी बाहेरचा फड येतो. दुसऱ्या दिवशी कुस्त्या संपल्या आणि ऊन उतरले की देवळासमोरच्या पारावर गावचा स्वतःचा तमाशा उभा राहतो. तो देवाचा मान समजला जातो. त्यात काम करणारे सगळे शेतकरी, आणि अर्धेअधिक सुट्टीवर आलेले शिपाई. सर्जेरावाचा आवाज पोरवयात गोड होता आणि अंग शेलाटे, म्हणून त्याला लुगडे मिळाले. पुढे तो भरती झाला, अंग भरले, मिशी आली, तरी लुगडे सुटले नाही. वार्षिक सुट्टी तो चैत्रातच मागून घेई. गावात उतरला की आधी न्हाव्याकडे जाऊन मिशी काढायचा. साताऱ्याकडच्या शिपायाने मिशी काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. परत पलटणीत गेल्यावर कोणी विचारले तर "देवाला दिली" असे सांगे. ते एका अर्थाने खरेच होते. नाचाबद्दल मात्र तिथे तो अवाक्षर बोलला नाही.

लुगडे त्याच्या बायकोचे असे. सोनाबाई त्याला स्वतः नेसवून द्यायची. कासोटा आवळताना ती जे बोलायची ते मी अनेकदा ओट्यावर बसून ऐकले आहे. "आवं, पोट आत घ्या. बाईमानूस हाय का पोतं?" मिशी काढलेल्या तोंडाकडे बघून तिला हसू आवरत नसे. मात्र पाराकडे ती कधी यायची नाही. आमच्याकडे बायका तमाशाला बसत नसत. त्या घरातच राहत. सर्जेरावाचे घर देवळाच्या मागच्या अंगाला, मध्ये एक भिंत. गाणे त्यांना सगळे ऐकू यायचे, दिसायचे काहीच नाही.

गावच्या तमाशात एक लावणी ठरलेली होती. गावच्याच कोण्या जुन्या शाहिराने रचलेली, छापील कुठे नाही. धनी मोहिमेवर गेला आहे, त्याच्या मागे घरात राहिलेली बाई गाते. त्यातली एक ओळ गावातल्या पोरासोरांना पाठ आहे: "दारात वाजलं पाऊल, वाटलं धनी आलं." पाऊल निघते दुसऱ्याचेच. सर्जेराव ही ओळ फडातल्या बायकांकडे बघून शिकला होता तशीच करायचा. ओळ आली की चाळ घुमवत पाराच्या कडेपर्यंत धावायचा, छातीवर हात ठेवायचा, डोळे फिरवायचा. शिट्ट्या व्हायच्या. टोप्या उडायच्या. समोर बसलेल्या शिपायांना आपापली मोहीम आठवे, आणि आपल्या मागे घरात कोणी अशी धावत असेल या कल्पनेने ते खूष होत. यात वर्षानुवर्षे काही बदल झाला नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर तो बदल झाला. लढाई थांबली तरी कितीतरी आठवडे गावातल्या पोरांची खबर नव्हती. गावातला एकजण आलाच नाही. त्याची बायको पारू, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. ती सर्जेरावाच्या शेजारघरातली. सर्जेराव जिवंत असल्याचे सरळ त्याचे पाऊलच सांगत आले. चैत्राच्या तोंडावर तो कोणाला न कळवता एस.टी.तून उतरला. पुढचे त्याने मला नंतर सांगितले, ते त्याच्याच शब्दांत देतो. "मी बूट घालून अंगनात आलो. आत भाकरी थापायचा आवाज चालू व्हता. माझं पाऊल वाजलं आन् त्यो आवाज थांबला. मला हाक मारायची व्हती, पर तोंड उघडंना. मी तसाच हुबा. आत काय न्हाई. भाईर काय न्हाई. लय येळ... आन् मग गड्या, परत थापायला लागली की ती!" शेवटी तो खोकला, तेव्हा सोनाबाई दारात आली आणि म्हणाली, "कवा आलासा?" आत सासू बसलेली होती. ती पाण्याचा तांब्या आणायला गेली.

त्या वर्षी तमाशा करावा की नाही यावर पारावर बैठक झाली. देवाचा मान चुकवता येत नाही, असे ठरले. पण ती लावणी गाळावी, असे काहींचे म्हणणे पडले. सर्जेराव म्हणाला, गाळायची नाही. आणि त्याने ती अशी केली की तशी ती पूर्वी झाली नव्हती. "वाटलं धनी आलं" या ओळीवर तो गुडघ्यांवर पडला आणि खरोखर रडला. ऊर बडवून घेतला. समोरची माणसे रडली. मीही तिथे होतो. लोकांनी पटके फेकले, म्हातारे उठून त्याच्या गळ्यात पडले. आतापर्यंतचे त्याचे सर्वांत चांगले काम, असेच सर्वांचे मत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि सोनाबाई परातीत पीठ चाळत होती. त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "काल आवाज आला का गं?"

"आला की. सगळ्या गावाला आला." पीठ चाळण्याचा हात थांबला नाही. "तुमी रडलासा."

"मग? रडाय यील न्हाई तर काय."

"तुमी रडलासा, पुरुष रडलं, पटकं उडालं. ती भित्तीच्या अल्याड बसली व्हती, माझ्याजवळ. तिच्या डोळ्याला पानी न्हाई." ती म्हणजे पारू. "बाई कवा रडती ओ अशी? पाऊल वाजलं म्हणून बाई पळत सुटती व्हय? सासू बसलेली आसती, सासरा बसलेला आसतो. पळाली तर काय म्हनतील? बाई हाय तितंच बसती."

"आन् काय करती?"

"भाकरी करती. दुसरं काय करंल?"

चहा निवला तरी सर्जेराव तो घेईना. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आरं, मी ते ऐकलंय..." तेव्हा त्याने मला ते अंगणातले सांगितले. आठ दिवस ते त्याच्या कानात होते, पण त्याचा लावणीशी काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पारावर गुडघे टेकून त्याने दुसऱ्याच कोणाची तरी बाई उभी केली होती.

पुढचे वर्ष दुष्काळाचे. जत्रेला नैवेद्यापुरती माणसे जमली, तमाशा झाला नाही. त्यानंतरच्या चैत्रात त्याने लावणी नव्या तऱ्हेने केली. बाबालालशी त्याचे आधी ठरले होते, पण बाबालालचा त्यावर विश्वास नव्हता. सर्जेराव पाराच्या मधोमध मांडी घालून बसला. हातांनी भाकरी थापायला लागला, नुसत्या हवेत; ढोलकीने तीच थाप उचलली. गाणे त्या थापेवर. "दारात वाजलं पाऊल" आले, आणि ढोलकी थांबली. त्याचे हात तसेच राहिले, एक खाली, एक वर. तोंडावर काही नाही. मान दाराकडे वळली नाही. सगळ्या पारावर काही म्हणता काही नाही... आणि त्या शांततेत मागून कोणीतरी ओरडले, "आरं नाच की! पेन्शन लागली का काय तुला?" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "हवालदार, भाकरी करपली!" मग जे व्हायचे ते झाले. लावणी कशीबशी संपली. सोंगाड्याने पुढे येऊन वेळ मारून नेली. लुगडे सोडताना बाबालाल त्याला म्हणाला, "गड्या, लोकं नाच बघाया आल्यात. सैपाक घरी बघत्यात ती." सर्जेराव यावर म्हणाला, "कुटं बघत्यात? तेच तर न्हाई बघत."

त्या वर्षी गावात उघड बोलणे झाले की आता हवालदाराचे वय झाले, लुगडे दुसऱ्या कोणाला द्यावे. त्याला हे लागले. पण त्याहून एक गोष्ट त्याला अधिक लागली होती, आणि ती त्याने एकदाच बोलून दाखवली. सोनाबाईने भिंतीपलीकडून फक्त हशा ऐकला होता. तो काय करत होता हे तिला दिसलेच नव्हते. जिच्याकडून घेतले, तिला दाखवता येत नव्हते. बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारी ती एकच होती.

तो निवृत्त होऊन कायमचा गावी आला, त्यानंतरच्या जत्रेच्या बैठकीत त्याने आबांकडे विषय काढला. आबा म्हणजे गावचे पाटील. त्यांचा धाकटा मुलगाही पलटणीत होता आणि तेव्हा सुट्टीवर आलेला होता. बैठकीला मी होतो. संभाषण असे झाले:

"आबा, औंदा बाया बसू द्या."

"कुटं? तमाशाला? डोस्कं फिरलं का रं तुझं?"

"गानं त्यांचं हाय. पुरुषांस्नीच दावत किती वर्सं नाचायचं?"

"आन् तुझी बायकू बसंल व्हय, चारचौघात?"

"ती बसली तरच मी नेसतो. न्हाईतर दुसरा बघा."

"दुसरा हाय कोन?" कोणीतरी म्हणाले. कोणी नव्हते. ज्यांनी लुगडे काढून घ्यायची भाषा केली होती, त्यांच्यातला एकही मिशी काढायला तयार नव्हता. आबांनी खूप वेळ तंबाखू मळली. शेवटी त्यांनी अट घातली. बायका शाळेच्या व्हरांड्यात बसतील, पाराच्या उजव्या अंगाला. गण झाला की लगेच लावणी व्हावी. लावणी संपली की बायकांनी उठायचे. गवळण, बतावणी आणि वग त्यांच्या माघारी. तमाशाचा क्रम असा मोडल्याचे बाबालालला मुळीच आवडले नाही. "त्यापरास कीर्तनच करा की," तो म्हणाला, पण ढोलकी घेऊन आला.

खरी अडचण सोनाबाईची झाली. ती यायला तयार नव्हती. "माझ्या नवऱ्याला लुगड्यात बघाय मी गावाम्होरं बसू?" असे तिचे म्हणणे. "नेसवती कोन मग?" असे त्याचे. दोन दिवस घरात हे चालले. अखेर शेजारची पारू येऊन म्हणाली, "मी जानार हाय, वैनी. चला." तेव्हा ती निघाली.

व्हरांड्यात तीस-चाळीस बायका बसल्या असतील. पुरुष नेहमीपेक्षा नीट बसले होते. गण झाला. सर्जेराव बसला, भाकरी थापू लागला. ओळ आली. ढोलकी थांबली. हात थांबला. या वेळी कोणी ओरडले नाही. मी पुरुषांकडे बघत होतो. ते पाराकडे बघत नव्हते, व्हरांड्याकडे बघत होते. तिथे कोणी रडत नव्हते. एकीने पदर पुढे ओढला, मग तिच्या शेजारणीने, मग पलीकडचीने. बाकी हालचाल नाही. आबांच्या सुनेने मान खाली घातली होती. आबांचा मुलगा आधी तिच्याकडे आणि मग आपल्या पायांकडे बघत राहिला. मग पुन्हा थाप सुरू झाली, सर्जेरावाने पुढची ओळ खालच्या सुरात घेतली आणि लावणी संपवली. शिट्टी नाही, टोपी नाही. ठरल्याप्रमाणे बायका उठल्या. पारू सर्वांत शेवटी उठली. जाताना तिने सोनाबाईचा हात धरलेला होता. त्या गेल्यावर पुरुषांनी सोंगाड्याला जोरजोरात हाका मारायला सुरुवात केली, जरुरीपेक्षा जास्त जोरात.

संध्याकाळी त्याच्या घरी मी होतो. लुगडे सोडून, तोंड धुऊन तो चुलीपाशी येऊन बसला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग विचारले, "कसं झालं?"

"कासोटा ढिला व्हता."

"ते सोड. त्या जागंला?"

सोनाबाईने जाळ सारला. "हात लय येळ थांबवलासा."

"लय?"

"मग काय. थापता थापता एवढा येळ हात थांबला तर भाकरी चिरती. बाई हाय का पुतळा?"

"तुला म्हाईत न्हाई. तुझा हात एवढाच थांबला व्हता. मी भाईर हुबा व्हतो."

"तुमी भाईर व्हता. मी आत व्हते. हात कुनाचा?"

त्याने ती जागा मात्र आखूड केली नाही. त्यानंतर तो जितकी वर्षे नेसला, तितकी वर्षे बायका व्हरांड्यात बसल्या, आणि तितकी वर्षे संध्याकाळी चुलीपुढे हा वाद झाला. इतर सगळे तिला पटत असे. थाप बरोबर, मान न वळवणे बरोबर, पुढची ओळ खालून घेणे बरोबर. ही एक जागा ती मान्य करायची नाही. एका वर्षी बाबालालने वहिनींच्या बाजूने ढोलकी लवकर उचलली. सर्जेराव आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. मी एकदा त्याला म्हणालो, तिचे ऐकून बघ की, तिलाच ठाऊक असणार. तो म्हणाला, "पेपरवाल्या, आपला हात आपल्याला दिसत न्हाई रं. तिनं एकदा व्हय म्हनावं, एवढंच." ते 'होय' मिळवण्यासाठी तो दर चैत्रात मिशी काढत होता, असे मला वाटते. बाकीचा गाव केव्हाच हो म्हणाला होता. शेजारच्या गावांतून शिपायांच्या बायका आपल्या सासवांना घेऊन त्या एका लावणीपुरत्या येऊ लागल्या होत्या.

शेवटच्या जत्रेतही वाद झाला. "चिरती," ती म्हणाली. "चिरू दे," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मिशी पुन्हा वाढवली. सरणावर ठेवताना ती पुरी वाढलेली होती.

दिवसकार्य आटोपून महिना झाल्यावर मी पुन्हा गावी गेलो. सांगलीहून कामावरून तसाच निघालो होतो, त्यामुळे पायात बूट होते. आमच्या गावात सुट्टीवर आलेले शिपाईसुद्धा वहाणा घालतात. फरशीवर बूट वाजवत फिरणारा सर्जेराव एकटाच होता, निवृत्तीनंतरही. हे मला अंगणात पाऊल टाकेपर्यंत सुचले नाही. आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. माझे पाऊल वाजले आणि तो थांबला.

मी लगेच हाक मारायला हवी होती. ती मारता आली नाही. अंगणात दोरीवर लुगडे वाळत होते, ते हलत नव्हते. आतून काही आवाज आला नाही. सर्जेराव पारावर हात धरून ठेवायचा, ती जागा मी कितीतरी वेळा पाहिली होती आणि तिची लांबी माझ्या अंगवळणी पडली होती. ती संपली. त्यानंतरही आत काही वाजले नाही...

"वैनी," मी म्हणालो, "मी आहे."

"या भावजी," आतून आवाज आला. रोजचाच आवाज.

मी आत गेलो. सोनाबाई परातीपुढे बसली होती. तिच्या तळहातावर भाकरी होती, कडेपासून मध्यापर्यंत चिरलेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, भाकरीकडे पाहिले.

"सांगत व्हते मी त्यास्नी," ती म्हणाली. "एवढा येळ हात थांबला की चिरती."

मग तिने ती भाकरी मोडली, तिला पाण्याचा हात लावला आणि गोळा पुन्हा मळायला घेतला.